मुक्या कॉम्प्युटरला कंठ फुटताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कॉम्प्युटरमधून आवाज येतो, याचं आज कुणालाच नवल वाटत नाही. गाणं लावलं की वाजतं, खेळ सुरू केला की धडाम्‌धुडुम ऐकू येतं. पण १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला तेव्हा तो जवळजवळ मुका होता. त्याच्या पोटात एक छोटा स्पीकर होता आणि तो एका वेळी एकच स्वर काढू शकायचा. तोही कसा, तर ‘टीं’ किंवा ‘टूं’. हा स्वर काढणारी वेगळी अशी काही यंत्रणा नव्हती. वेळ मोजण्यासाठी बसवलेली एक चिप होती, तिलाच जादा काम दिलेलं होतं. ती स्पीकरला चालू-बंद, चालू-बंद असे झटके द्यायची. झटके भरभर दिले की स्वर उंच, सावकाश दिले की खालचा.

तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात शाळेच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची नजर चुकवून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळले असतील, त्यांना हा ‘टीं टूं’ चांगला आठवत असेल. त्या लॅबमधल्या यंत्रांना बहुधा साउंड कार्ड नसायचंच. गंमत अशी, की त्या खेळाला खरंखुरं संगीत होतं. जॉर्डन मेकनर या तरुणाने खेळ बनवला आणि त्याचं संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. १९९०च्या पीसी आवृत्तीत ते संगीत साउंड कार्डवर नीट वाजायचं. आपल्याकडच्या कित्येकांनी तो राजपुत्र शेकडो वेळा खड्ड्यात पाडला, पण त्याचं संगीत काही त्यांच्या कानावर पडलं नाही.

आज अनेक जण हौसेने जुने कॉम्प्युटर पुन्हा उभे करतात आणि जुने खेळ जुन्याच यंत्रावर खेळतात. मीही त्यातलाच एक. या उद्योगात सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची असेल, तर ती आवाजाची. चित्र लगेच दिसतं, कीबोर्ड चालतो, खेळ सुरूही होतो. पण आवाज म्हणून नाही. असं का होतं, हे आज सांगायचं आहे. माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडून असेल तर तुम्हाला त्याचा उपयोग होईल. नसला तरी यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात, हे समजायला हरकत नाही.

आधी थोडा इतिहास. कॅनडातल्या क्वेबेक शहरात मार्टिन प्रेव्हेल नावाचे संगीताचे प्राध्यापक होते. त्यांच्या ‘ॲडलिब’ या कंपनीने १९८७ मध्ये पीसीसाठी संगीताचं कार्ड काढलं. त्यावर यामाहा कंपनीची एक चिप होती. ही चिप एका वेळी नऊ स्वर वाजवायची आणि त्यासाठी ‘एफएम सिंथेसिस’ ही पद्धत वापरायची. त्या पद्धतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार १९६७ मध्ये कॉम्प्युटरवर स्वराला कंप देण्याचे प्रयोग करत होते. आपले गायक दरबारीचा गंधार आंदोलित करतात, तसंच काहीसं समजा. चाउनिंगनी ते आंदोलन वाढवत, भरभर करत नेलं. एका टप्प्यानंतर कानाला आंदोलन ऐकू येईना, त्याऐवजी स्वराची जातच बदलली. साधी शीळ होती, तिच्यात घंटेचा, पितळी वाद्याचा भास होऊ लागला. दोन साध्या लहरी, एक दुसरीला हलवते आणि त्यातून तिसराच नाद तयार होतो. स्वस्तात वाद्यवृंद. यामाहाने या शोधाचे हक्क घेतले, त्यावर कीबोर्ड काढले आणि त्याच पद्धतीची एक साधी चिप ॲडलिबच्या कार्डावर येऊन बसली.

या चिपला माणसाचा आवाज मात्र काढता येत नव्हता. ती वाद्य वाजवणार, बोलणार नाही. ती उणीव भरून काढली सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीने. सिम वाँग हू हे तिचे एक संस्थापक. २०२३ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ बाजारात आणलं. त्यावर ॲडलिबचीच यामाहा चिप होती, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले सगळे खेळ त्यावर वाजत. शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती आणि जॉयस्टिक जोडायचं तोंडही होतं. एका कार्डात तीन कामं म्हटल्यावर गिऱ्हाईक कुठे जाणार? ॲडलिब १९९२ मध्ये बुडाली. त्याच वर्षी क्रिएटिव्हचं ‘साउंड ब्लास्टर १६’ आलं. आपल्याकडे पुढे जी ‘मल्टिमीडिया किट’ मिळू लागली, म्हणजे सीडी ड्राइव्ह, दोन स्पीकर आणि साउंड कार्ड असा एकत्र खोका, त्यात अनेकदा याच घराण्याचं किंवा त्याची नक्कल करणारं कार्ड असायचं.

आता मुद्द्याचं. आजच्या कॉम्प्युटरवर खेळ बनवणाऱ्याला तुमच्याकडे कोणतं साउंड कार्ड आहे याच्याशी कर्तव्य नसतं. तो विंडोजला सांगतो, विंडोज पुढचं बघून घेतं. डॉसच्या काळात असा मध्यस्थच नव्हता. प्रत्येक खेळ थेट कार्डाशी बोलायचा. त्यामुळे प्रत्येक खेळाला कार्ड कुठे बसलंय, ते हाक कशी मारतं आणि त्याला माल कुठून पोचवायचा, या तीन गोष्टी अचूक माहीत असाव्या लागत. या तीन गोष्टी म्हणजेच तीन आकडे: पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए.

हे समजायला आपली पंगत डोळ्यांसमोर आणा. साउंड कार्ड हे पंगतीला बसलेलं पाव्हणं. त्याची भूक विलक्षण आहे. साध्या दर्जाचा आवाज वाजवायला त्याला सेकंदाला सुमारे अकरा हजार बाइट माहिती लागते, आणि घास जरा चुकला तरी आवाज अडखळतो. यजमान, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर, स्वयंपाकात गुंतलेला. त्याला खेळातलं चित्र काढायचं आहे, शत्रू हलवायचा आहे. तो प्रत्येक घास भरवायला येऊ शकत नाही. म्हणून वाढपी ठेवलेला आहे. हा वाढपी म्हणजे डीएमए. तो मेमरीतल्या पातेल्यातून माहिती उचलतो आणि यजमानाला न विचारता कार्डाच्या पानात वाढत राहतो. पान संपत आलं की पाव्हणं हाक मारतं, ‘अहो, पुढचं आणा!’ ही हाक म्हणजे आयआरक्यू. ती ऐकली की यजमान हातातलं काम क्षणभर ठेवतो, पातेलं पुन्हा भरतो आणि परत आपल्या कामाला लागतो. आणि पत्ता म्हणजे अर्थातच पाव्हणं कितव्या पाटावर बसलंय तो क्रमांक.

साउंड ब्लास्टरचा नेहमीचा पत्ता २२०. आयआरक्यू सुरुवातीच्या कार्डांवर ७ आणि साउंड ब्लास्टर १६ वर ५. डीएमए १, आणि १६ बिटच्या आवाजासाठी आणखी एक वाढपी, क्रमांक ५. हे आकडे ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवायची रीत होती. ती ओळ साधारण अशी: ‘सेट ब्लास्टर = ए२२० आय५ डी१ एच५ टी६’. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू, डी आणि एच म्हणजे दोन डीएमए, आणि शेवटचा टी म्हणजे कार्डाचा प्रकार. टी६ असेल तर साउंड ब्लास्टर १६. टी३ असेल तर साउंड ब्लास्टर २.०. पुष्कळसे खेळ ही ओळ वाचून स्वतःला जुळवून घेत. काही खेळ, उदाहरणार्थ १९९३ चा ‘डूम’, सेटअपचा वेगळा कार्यक्रम देत. त्यात संगीतासाठी कोणतं कार्ड आणि गोळीबारासाठी कोणतं, हे वेगवेगळं निवडता यायचं.

हे वेगवेगळं का, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिथेच बिघाड शोधायची किल्ली आहे. यामाहाची संगीताची चिप पंगतीत बसतच नाही. तिला वाढपी नको, हाक मारायला नको. प्रोसेसर तिला सांगतो, ‘हा स्वर धर,’ की ती धरून बसते. ‘सोड’ म्हटलं की सोडते. तिचा पत्ताही वेगळा, ३८८. त्यामुळे आयआरक्यू आणि डीएमए साफ चुकलेले असले तरी संगीत मजेत वाजत राहतं. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. संगीत येतंय म्हणजे कार्ड चांगलं, मग बंदुकीचा आवाज का नाही, म्हणजे खेळच बिघडलेला, असं ते धरून चालतात. तसं नसतं. संगीत येत असेल तर फक्त एवढंच सिद्ध होतं, की कार्ड जिवंत आहे आणि खाचेत नीट बसलंय. बोलता आवाज येत नसेल तर त्या तीन आकड्यांकडे वळायचं.

चूक कोणत्या आकड्यात आहे, हेही आवाजच सांगतो. पत्ता चुकला तर खेळ सरळ म्हणतो, कार्ड सापडलं नाही. डीएमए चुकला तर बहुधा शांतता, नाहीतर खरखर. कधी यंत्र गोठतंच. आयआरक्यू चुकला तर मात्र मजा होते. पाव्हणं हाक मारतं, पण ती हाक भलत्याच घरात जाते. यजमान पातेलं भरायला येतच नाही. वाढपी तर यंत्रवत वाढणारा. तो त्याच पातेल्यातलं तेच पुन्हा पुन्हा वाढत राहतो. परिणामी आवाजाचा पहिला तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा वाजत बसतो, किंवा एकदाच वाजून गप्प होतो.

याचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण एका निवृत्त शिक्षकांकडचं आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावलं. त्यांनी शाळेत असताना, १९९४ मध्ये, एका माजी विद्यार्थ्याकडून मुलांसाठी पाढ्यांचा खेळ करून घेतला होता. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेला. पडद्यावर फुगे वर जायचे, बरोबर उत्तराचा फुगा फोडला की गुरुजींच्या स्वतःच्या आवाजात पाढा पुढे सरकायचा. तेव्हा एका फ्लॉपीवर असा साधा आवाजसुद्धा दोन मिनिटांहून थोडा जास्तच मावायचा. त्यामुळे खेळ कधी फ्लॉपीवर उतरवलाच नव्हता. तो शाळेने टाकून दिलेल्या आणि गुरुजींनी घरी आणून ठेवलेल्या एका ४८६ कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होता, आणि तेवढ्यातच होता. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडेही प्रत उरलेली नव्हती. घरात आवराआवर चालली होती, आणि भंगारवाला दोन दिवसांनी येणार होता.

खोका उघडला आणि मदरबोर्ड बघूनच कळलं, की हा आता चालणार नाही. ३८६, ४८६ च्या पुष्कळ बोर्डांवर घड्याळ चालू ठेवायला दंडगोलाकार निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट डाख देऊन बसवलेली असते. ती वयोमानाने गळते. गळलेला क्षार तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. हे काम बंद पडलेल्या यंत्रातही चालूच असतं. गुरुजींच्या बोर्डावर कीबोर्डच्या जोडणीपासून खाचांपर्यंत सगळं हिरवंनिळं झालेलं होतं. साउंड कार्ड तर आधीच कुणीतरी काढून नेलेलं. उरली होती हार्ड डिस्क.

ही डिस्क हल्लीच्या लॅपटॉपला यूएसबीच्या जोडणीने लावून वाचता आली असती, असं तुम्ही म्हणाल. नव्या डिस्क तशा वाचता येतात. पण इतक्या जुन्या डिस्कला आपली जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा जुन्या हिशेबातच सांगावी लागते. यूएसबीच्या जोडण्यांना बहुधा तो हिशेब येत नाही; त्यांना डिस्क दिसतच नाही. म्हणून माझ्याकडचा पेंटियम १३३ घेतला. त्याच्या बायोसमध्ये डिस्क आपोआप ओळखायची सोय आहे आणि जुना हिशेबही त्याला समजतो. डिस्क पहिल्या खेपेला कुरकुरली, दुसऱ्या खेपेला फिरली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशी डिस्क फिरली की आधी नक्कल काढायची. खेळ चालवून बघायचा मोह नंतर. आयडीईच्या केबलला छोट्या जोडणीने कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावता येतं. जुना कॉम्प्युटर त्यालाच हार्ड डिस्क समजतो. सगळं त्यावर उतरवलं आणि डिस्क काढून ठेवली.

आता आवाज. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं एक साउंड ब्लास्टर १६ माझ्याकडे होतं, आयआरक्यू ५ वर लावलेलं. खेळ सुरू केला. फुगे वर गेले. पहिला फुगा फुटला आणि स्पीकरमधून तीस वर्षांपूर्वीचे गुरुजी बोलू लागले: ‘बे... बे... बे... बे...’ पाढा पुढे जाईचना. गुरुजी स्वतः शेजारी बसलेले. ते म्हणाले, ‘हा मुलगा नापास.’

तुमच्या लक्षात आलंच असेल. हाक भलत्या घरी चालली होती. मग गुरुजींच्या डिस्कवरची ऑटोएक्झेक फाइल उघडून पाहिली. त्यात ओळ होती: ए२२० आय७ डी१ टी३. म्हणजे मूळ यंत्रात साउंड ब्लास्टर २.० होतं आणि ते ७ क्रमांकाने हाक मारायचं. खेळ लिहिणाऱ्या मुलाने ब्लास्टरची ओळ वाचायची तसदी घेतलेली नव्हती. शाळेत एकच यंत्र, त्यात एकच कार्ड. त्याने ७ हा आकडा सरळ खेळातच लिहून टाकला होता. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्या काळात बडेबडे असं करत.

उपाय सोपा होता. कार्डावर सुया असतात आणि त्यांवर बसणारी इवलीशी प्लॅस्टिकची टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती ५ वरून काढून ७ वर बसवली. अडचण एवढीच, की ७ हा आकडा परंपरेने प्रिंटरच्या पोर्टचा. डॉसमध्ये दोघांचं बहुतेक वेळा निभावून जातं, कारण प्रिंटर हाक मारण्याच्या फंदात फारसा पडत नाही. तरी धोका नको म्हणून बायोसमध्ये जाऊन प्रिंटरचं पोर्टच बंद करून टाकलं. खेळ पुन्हा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. गुरुजींनी सतरापर्यंत ऐकला. सतराच्या पाढ्यात एका ठिकाणी मागे शाळेची घंटा मुद्रित झालेली आहे.

याच खेळाच्या निमित्ताने आणखी एक सांगायला हवं. मी पेंटियम १३३ घेतला तो मुद्दाम. हाच खेळ पाचशे मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम थ्रीवर चालवला असता, तर बहुधा सुरूच झाला नसता. ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बाहेर पडला असता. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले पुष्कळ कार्यक्रम सुरुवातीला यंत्राचा वेग मोजून घेतात. यंत्र फार वेगवान निघालं, की त्या भागाकाराचं उत्तर ठेवलेल्या जागेत मावत नाही आणि कार्यक्रम कोसळतो. यावर दुरुस्तीचे छोटे कार्यक्रम आहेत, पण मूळ फाइलला हात लावायची वेळ येऊ नये हे बरं. जुन्या खेळासाठी जितकं जुनं यंत्र तितकं चांगलं, असं मात्र समजू नका. डूम नीट खेळायचा तर ४८६ तरी हवाच. माझ्या मते, एकच यंत्र ठेवायचं असेल तर साधारण १९९५ ते ९८ मधला पेंटियम घ्यावा. त्याला जुन्या कार्डांच्या खाचा असतात आणि तो फार उतावीळही नसतो.

खाचांचा विषय निघालाच आहे, तर तेही पाहू. बोर्डावर लांब, बहुधा काळ्या रंगाची खाच असते ती आयसाची. छोटी पांढरी असते ती पीसीआयची. खरं साउंड ब्लास्टर १६ आयसाच्या खाचेत बसतं. १९९८च्या सुमारास पीसीआयची साउंड कार्डं स्वस्त झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नव्या बोर्डांवरून आयसाची खाच जवळजवळ नाहीशी झाली. पीसीआयचं कार्ड विंडोजमध्ये उत्तम वाजतं, पण डॉसच्या खेळाला ते बहुधा दिसत नाही, कारण खेळ ज्या जुन्या वाढप्याला कामाला लावू पाहतो त्याचा पीसीआयच्या खाचेशी संबंधच नसतो. मग कार्डाबरोबर आलेला एक कार्यक्रम मेमरीत बसवून सोंग आणावं लागतं. ते सोंग काही खेळांना पटतं, काहींना नाही. खास डॉससाठी कार्ड शोधत असाल तर आयसाचंच शोधा.

पेंटियमच्या काळात दुसराही एक त्रास सुरू झाला. बायोस शहाणपणा करून आयआरक्यू ५ परस्पर एखाद्या पीसीआय कार्डाला, म्हणजे नेटवर्क कार्डाला वगैरे, देऊन टाकतो. मग तुमचं साउंड कार्ड ५ वर हाका मारतं आणि कुणी दाद देत नाही. यासाठी बायोसमध्ये ‘पीएनपी-पीसीआय’ नावाचं पान असतं. तिथे आयआरक्यू ५ आणि डीएमए १ यांच्यापुढे ‘लेगसी आयसा’ निवडायचं. म्हणजे रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात तसं. त्याच सुमाराची काही आयसा कार्डं ‘प्लग अँड प्ले’ निघाली. त्यांवर जंपर नसतात, त्यामुळे डॉस सुरू झालं तरी कार्ड झोपलेलंच राहतं. त्यांना जागं करून आकडे नेमून देणारा कार्यक्रम आधी चालवावा लागतो. कंपनीचा मूळ कार्यक्रम अवजड असतो. हल्ली हौशी मंडळींनी लिहिलेला ‘युनिसाउंड’ हा छोटा कार्यक्रम अनेक कंपन्यांच्या कार्डांना चालतो आणि काम झालं की मेमरीतून निघून जातो. मेमरीतून निघून जाणं महत्त्वाचं, कारण डॉसकडे खेळासाठी मोकळी जागा जेमतेम ६४० केबी. त्यात माउस, सीडी ड्राइव्ह सगळेच पथारी पसरून बसलेले असतात, आणि मोठे खेळ तर पाचशे ऐंशी-सहाशे केबी मागतात.

आकडे बरोबर, खाच बरोबर, तरी आवाज नाही, असंही होतं. तेव्हा साध्या गोष्टी बघाव्यात. कार्डाच्या सोनेरी कडा काळवंडलेल्या असतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवावं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावं. काही कार्डांना मागच्या बाजूला आवाजाचं चाक असतं, ते शून्यावर गेलेलं असतं. सीडीवरच्या खेळात बाकी सगळे आवाज येतात आणि संगीत तेवढं येत नाही, अशी तक्रार असेल तर सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी चार टाचण्यांची बारीक वायर शोधा. १९९६ च्या ‘क्वेक’चं संगीत सीडीवर गाण्याच्या तबकडीसारखंच मुद्रित होतं, ते या वायरीतून यायचं. वायर नाही, संगीत नाही.

ज्यांच्याकडे जुनं यंत्र नाही आणि आणायचंही नाही, त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ आहे. २००२ पासून फुकट मिळणारा हा कार्यक्रम आजच्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतो, साउंड ब्लास्टर १६ सकट. त्याचे ठरीव आकडे २२०, ७ आणि १ असे आहेत. गुरुजींचा खेळ त्यात एकही बदल न करता चालला. आता तो त्यांच्या नातीच्या लॅपटॉपवर आहे. बहुतेकांना एवढं पुरेसं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. खरं डॉसच हवं, पण यंत्र नवीन आहे, अशांसाठी २०२३ मध्ये ‘एसबीईएमयू’ हा कार्यक्रम आला. तो नव्या यंत्रातल्या आवाजाच्या चिपला साउंड ब्लास्टरचं सोंग घ्यायला लावतो. उलट, जुन्या यंत्रासाठी नवं कार्डही हौशी लोकांनी बनवलं आहे. ‘पिकोगस’ त्याचं नाव. त्यावर रास्पबेरी पायची छोटी स्वस्त चिप बसवलेली असते आणि ती ॲडलिब, साउंड ब्लास्टर, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड अशी हवी ती भूमिका वठवते.

आणि ज्यांच्या माळ्यावर ३८६ किंवा ४८६ खरोखरच आहे, त्यांनी आज रविवार आहे तर तो खाली उतरवावा. वीज जोडायची घाई नको. झाकण उघडा, ती दंडगोलाकार बॅटरी दिसली तर कटरने तिचे पाय कापून ती काढून टाका. हिरवा क्षार दिसला तर आधी ब्रशला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून घासा, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या. वीजपुरवठ्याच्या दोन वेगळ्या जोडण्या मदरबोर्डला लावायच्या असतील तर दोन्हीच्या काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट्या लावल्या तर बोर्ड जळतो. आणि पहिल्यांदा आवाज तपासताना हेडफोन कानाला लावून बसू नका. जुन्या कार्डांवर स्पीकरसाठी वेगळा ॲम्प्लिफायर असतो आणि डॉसमध्ये आवाज किती ठेवायचा हे कुणीच ठरवलेलं नसतं. स्पीकर लावा, चाक कमीवर ठेवा आणि मग ‘सेट ब्लास्टर’ची ओळ लिहायला बसा.